धावपट्टी सरळच का असते? गोल, चढाच्या आणि डोंगरमाथ्यावरच्या धावपट्ट्यांचा हिशेब

2017 मध्ये एका गोल विमानतळाची चित्रफीत मोबाइलवर बरीच फिरली. मधोमध टर्मिनल, भोवती वर्तुळाकार धावपट्टी, आणि तिच्यावर एकाच वेळी तीन विमानांची ये-जा. वारा कुठूनही येवो, विमानाने वर्तुळावरची सोयीची जागा पकडायची आणि उतरायचे. ही कल्पना कुणा हौशी चित्रकाराची नव्हती. नेदरलँड्समधल्या एनएलआर या हवाई संशोधन संस्थेने युरोपीय संघाच्या निधीतून 2012 ते 2014 या काळात, आणखी चार देशांतल्या संस्थांना सोबत घेऊन तिचा रीतसर अभ्यास केला होता. प्रकल्पाचे नाव ‘एंडलेस रनवे’, म्हणजे न संपणारी धावपट्टी.

त्याच्याही आधी, 1960 च्या दशकाच्या मध्यात, अमेरिकी नौदलाने ॲरिझोनातल्या मेसा इथे मोटारींच्या चाचणीसाठी बांधलेल्या, सुमारे आठ किलोमीटर परिघाच्या गोल ट्रॅकवर खरी विमाने उतरवून पाहिली होती. ती उतरली आणि उडालीही. म्हणजे ‘गोल धावपट्टीवर विमान उतरू शकते का’ या प्रश्नाचे उत्तर साठ वर्षांपूर्वीच मिळाले आहे: उतरू शकते. तरीही आज जगात एकाही प्रवासी विमानतळावर तशी धावपट्टी नाही. असे का, हे समजले की इतर चमत्कारिक धावपट्ट्या कुठे चालतात आणि कुठे माणसे मारतात, तेही समजते.

आधी सरळ धावपट्टीवर वैमानिकाला काय काय आयते मिळते ते पाहू. विमान साधारण 3 अंशांच्या उताराने खाली येते, धावपट्टीचे टोक सुमारे 50 फुटांवरून ओलांडते आणि तिथून तीनशे-चारशे मीटर पुढे चाके टेकवते. या सबंध वाटेवर नाक एकाच दिशेला असते, पंख जवळपास समतल असतात, वेग ठरलेला असतो. ढगांत 1,000 फुटांपर्यंत आणि स्वच्छ हवेत 500 फुटांपर्यंत हे सगळे जागेवर बसले नाही, तर उतरणे सोडून पुन्हा वर जायचे, म्हणजे गो-अराउंड करायचे, असा बहुतेक कंपन्यांचा दंडक असतो. जमिनीवरची मदतही एकाच रेषेवर बांधलेली असते. आयएलएस, म्हणजे रेडिओ किरणांनी विमानाला उतरण्याची वाट दाखवणाऱ्या यंत्रणेचा दिशा दाखवणारा अँटेना धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाला, मध्यरेषेवर उभा असतो. अलीकडच्या टोकाआधी 900 मीटरपर्यंत दिव्यांची रांग असते. उंची बरोबर आहे की नाही हे सांगणारे लाल-पांढरे दिवेही एकाच दिशेने पाहायचे असतात. रात्री, पावसात, थकलेल्या वैमानिकाला चुकीला जी जागा मिळते, ती या सरळपणामुळे.

आता गोल धावपट्टीवर या. एंडलेस रनवेची त्रिज्या सुमारे दीड किलोमीटर आणि रुंदी 140 मीटर होती. घाटातल्या वळणावर रस्ता बाहेरच्या अंगाने उचललेला असतो, तसाच इथला पृष्ठभाग आतून बाहेर चढत जातो, कारण वेगात वळणारे विमान बाहेर फेकले जाऊ नये. किती उचलायचा, याचे गणित सोपे आहे. वेगाच्या वर्गाला त्रिज्येने आणि गुरुत्वीय त्वरणाने भागले की हवा तो उतार मिळतो. मध्यम आकाराचे जेट विमान 140 नॉटने, म्हणजे ताशी 260 किलोमीटरच्या आसपास वेगाने टेकते. 1,500 मीटर त्रिज्येवर त्याला 35 टक्के उतार, म्हणजे 19 अंशांहून थोडा जास्त कल लागतो. 100 नॉटला 10 अंश पुरतात आणि 60 नॉटला चारसुद्धा लागत नाहीत. म्हणून पृष्ठभाग आतल्या कडेला जवळजवळ सपाट आणि बाहेर जाईल तसा तीव्र करावा लागतो. वेगवान विमान वरच्या कडेला टेकेल आणि वेग उतरेल तसे खाली आत सरकत येईल. मोठ्या विमानांच्या धावपट्टीला आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, म्हणजे आयकाओ, जास्तीत जास्त 1.5 टक्का आडवा उतार मान्य करते, तोही पाणी वाहून जावे म्हणून. इथे 35 टक्के हवे आहेत.

प्रवाशाला याचा त्रास फारसा होणार नाही. वेग आणि कल जुळलेले असतील तर अंगावरचे वजन सहा टक्क्यांनी वाढल्यासारखे वाटेल, इतकेच. अडचण आहे ती जुळवण्यात. वळणाला लागणारा कल ठरतो तो जमिनीच्या तुलनेतल्या वेगावर, आणि तो वेग वाऱ्यावर अवलंबून असतो. समजा, विमानाचा हवेतला वेग 140 नॉट आहे आणि वारा 20 नॉट. वारा समोरून असताना जमिनीवरचा वेग 120 नॉट होतो आणि 14.5 अंश कल लागतो. तोच वारा पाठीमागून आला तर 160 नॉट आणि जवळपास 25 अंश. म्हणजे त्याच विमानाला, त्याच दिवशी, वर्तुळावरच्या जागेप्रमाणे दहा अंशांचा फरक पडतो. वैमानिकाने आपला वेग ओळखून 140 मीटर रुंदीतली नेमकी कोणती पट्टी पकडायची हे ठरवायचे, आणि विमानाचा कल तिथल्या जमिनीच्या कलाशी जुळवून टेकायचे. दहा मीटर आत किंवा बाहेर टेकले तरी जमिनीचा कल अंशभराहून जास्त बदललेला असतो. सरळ धावपट्टीवर मध्यरेषेपासून दहा मीटर सरकणे ही चांगली गोष्ट नव्हे, पण तिथे जमीन तरी तीच असते.

‘वारा कुठूनही चालेल’ हा दावाही पूर्ण खरा नाही. टेकल्यानंतर विमान दीड किलोमीटर धावले, तर दीड किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळावर त्याची दिशा 57 अंशांनी फिरते. टेकताना बरोबर समोरून असलेला 20 नॉटचा वारा धाव संपताना जवळपास 17 नॉटचा आडवा वारा झालेला असतो. यावर उपाय आहे: थोडे आधी टेकायचे, म्हणजे धावेच्या मध्याला वारा समोर येतो आणि दोन्ही टोकांना आडवा भाग साडेनऊ नॉटच्या आसपासच राहतो. पण मग वर्तुळावरची उतरण्याची सोयीची जागा एकच उरते. जोराच्या वाऱ्यात तिन्ही विमाने वर्तुळावर तीन ठिकाणी एकदम उतरवता येत नाहीत. क्षमतेचा मोठा आकडा वारा मंद असतानाच खरा ठरतो.

पाऊस आणि बर्फ हा वेगळाच विषय. धावताना एखाद्या विमानाचा टायर फुटला, किंवा उड्डाण अर्ध्यावर सोडावे लागले आणि विमान वरच्या कडेलाच थांबले, तर 35 टक्के उतारावर निव्वळ उभे राहायलाच 0.35 इतका घर्षण गुणांक हवा. ओल्या, रबराचे थर बसलेल्या धावपट्टीवर तेवढे घर्षण मिळेलच असे नाही, आणि बर्फावर तर नाहीच. पाणी सगळे आतल्या कडेला उतरणार. म्हणजे मंद विमाने जिथून टॅक्सीवेकडे वळणार, तिथेच ते साचणार. सरासरी उतार 12 ते 15 टक्के धरला तर बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा 17 ते 21 मीटर उंच येते, सहा-सात मजली इमारतीएवढी. त्या कडेवरून विमान पलीकडे गेले तर काय होईल, ते सांगायला नको.

एक फायदा मात्र कबूल करायला हवा. सरळ धावपट्टीला टोक असते, वर्तुळाला नसते. ब्रेक कमी पडले तरी पुढे आणखी धावपट्टी आहेच. टोकाबाहेर जाऊन होणारे अपघात इथे कमी होतील, पण त्यांच्या जागी सबंध दहा किलोमीटरच्या परिघावर कडेने घसरण्याचा धोका येईल. एका बाजूचे इंजिन बंद पडले की विमान त्या बाजूला ओढले जाते. सरळ धावपट्टीवर वैमानिक रडर, म्हणजे शेपटीवरची उभी झडप, पायाने फिरवून ते सावरतो. इथे आधीच वळणात असलेल्या विमानात ते सावरायचे आहे, आणि डावे इंजिन गेले की उजवे, यावरून उत्तर बदलते.

आयएलएसचा सरळ किरण इथे निरुपयोगी. उपग्रहाधारित वक्र मार्ग आज कित्येक विमानतळांवर वापरात आहेत, पण त्यांतही शेवटचा तुकडा सरळ ठेवतात, ते पंख समतल करून धावपट्टी नजरेत घ्यायला वेळ मिळावा म्हणून. गोल धावपट्टीवर तो शेवटचा सरळ तुकडाच नाही. चाके टेकेपर्यंत विमान कललेलेच असते.

आता खऱ्या, वापरातल्या विचित्र धावपट्ट्यांकडे वळू. धावपट्टीचा विचित्रपणा कोणाच्या अंगावर पडतो, हे त्यांच्याकडे पाहताना विचारावे: बांधणाऱ्या अभियंत्याच्या की उतरणाऱ्या वैमानिकाच्या?

पोर्तुगालच्या मदेरा बेटावरची धावपट्टी फोटोत पाहिली की धडकी भरते, कारण तिचा मोठा भाग समुद्रकिनाऱ्यावर उंच काँक्रीटच्या खांबांवर उभा आहे. 1977 मध्ये तिथे पावसात उतरणारे बोईंग 727 टोकाबाहेर गेले आणि 131 माणसे दगावली. तेव्हा धावपट्टी 1,600 मीटर होती. नंतर टप्प्याटप्प्याने वाढवत 2000 मध्ये ती 2,781 मीटर केली. खालचे खांब हे अभियंत्याचे काम. वैमानिकाला वरून दिसते ती सरळ आणि पुरेशी लांब पट्टी. तिथला डोंगरावरून येणारा खट्याळ वारा अजूनही विमाने परत पाठवतो, पण तो दोष धावपट्टीच्या आकाराचा नाही.

नेपाळमधले लुक्ला याच्या उलट आहे. 1964 मध्ये एडमंड हिलरी यांच्या पुढाकाराने बांधलेली, 2001 मध्ये डांबरी झालेली ही धावपट्टी जेमतेम 527 मीटर लांब आहे आणि समुद्रसपाटीपासून 2,845 मीटर उंचीवर आहे. तिला साधारण 11.7 टक्के चढ आहे. मोठ्या विमानांच्या धावपट्टीला आयकाओ सरासरी 1 टक्का लांबीकडचा उतार मान्य करते, छोट्यांना 2 टक्के. म्हणजे लुक्ला नियमात कुठेच बसत नाही. पण तो चढ काढून टाकला तर ती निरुपयोगीच होईल. पूर्ण लांबी धावली तर विमान सुमारे 62 मीटर वर चढते. तेवढे चढायला ताशी 125 किलोमीटर वेगाची सगळी ऊर्जा खर्च होते. ट्विन ऑटरसारखे छोटे विमान टेकते तेच साधारण एवढ्या किंवा थोड्या जास्त वेगाने. चढच अर्ध्याहून अधिक ब्रेक लावतो; जाताना तोच उतार इंजिनाला हात देतो. म्हणून वारा कसाही असो, उतरायचे चढाच्या दिशेने आणि उडायचे उताराच्या दिशेने.

त्याची किंमतही तितकीच. धावपट्टीच्या वरच्या टोकापुढे डोंगर आहे, त्यामुळे एका ठरावीक जागेनंतर गो-अराउंड नाही. इतक्या उंचीवर हवा विरळ असते. कॉकपिटमधला वेगमापक तेच आकडे दाखवतो, पण प्रत्यक्ष वेग सुमारे 15 टक्क्यांनी जास्त असतो. वर चढत जाणारी धावपट्टी समोरून पाहिली की आपण फार उंचावर आहोत असा भास होतो. त्या भासाला बळी पडून वैमानिक खाली आला की धावपट्टीच्या आधीच्या उतारावर आदळतो. 8 ऑक्टोबर 2008 रोजी धुक्यात एक ट्विन ऑटर धावपट्टीच्या आधीच आदळले आणि 18 जण गेले. 14 एप्रिल 2019 रोजी उड्डाण घेताना एक विमान बाजूला वळून उभ्या हेलिकॉप्टरवर गेले, तीन मृत्यू. दुपारी वारे वाढतात, म्हणून बहुतेक उड्डाणे सकाळीच उरकतात.

फ्रान्समधले कूर्शेव्हेल याच जातीचे: 537 मीटर लांबी आणि सर्वांत तीव्र भागात 18 टक्क्यांहून जास्त चढ. तिथे डोंगरी विमानतळाची खास परवानगी घेतलेला वैमानिकच उतरू शकतो. लंडन सिटी विमानतळाची धावपट्टी सपाटच आहे, पण तिच्याकडे 3 ऐवजी 5.5 अंशांनी उतरावे लागते, म्हणून तिथेही विमानाच्या मॉडेलला आणि वैमानिकांना वेगळी मान्यता लागते. या सगळ्या जागा चालतात, कारण तिथे कोण उतरेल आणि कशात बसून उतरेल हे आधीच कडकपणे ठरवलेले असते. गोव्यात दाबोळीला आयएनएस हंसा तळावर नौदलासाठी वर वळलेला स्की-जंप रॅम्प आहे. 2014 मध्ये हलक्या लढाऊ विमान तेजसच्या नौदल आवृत्तीने तिथून उड्डाण केले. त्या विमानाची चाके आणि सांगाडा त्याच धक्क्यासाठी घडवलेला असतो. एअरबस ए320 ला तिथे कोणी नेत नाही.

मग सगळ्यात घातक विचित्र धावपट्टी कोणती? वैमानिकाला साधी वाटते ती. डोंगराचा माथा कापून केलेल्या टेबलटॉप धावपट्टीवर उतरताना वेगळे काही करायचे नसते. सरळ आहे, सपाट आहे, आयएलएस आहे. फरक टोकापाशी. सपाट प्रदेशात टोकाबाहेर गेलेले विमान शेतात रुतते; इथे दरीत कोसळते. 22 मे 2010 रोजी मंगळूरला दुबईहून आलेले बोईंग 737 धावपट्टीच्या 2,450 मीटरपैकी सुमारे 1,600 मीटर मागे टाकून टेकले, आणि 166 पैकी 158 जणांचा मृत्यू झाला. 7 ऑगस्ट 2020 रोजी कोळिकोडला, 2,700 मीटर लांबीच्या धावपट्टीवर, मुसळधार पावसात आणि पाठीमागच्या वाऱ्यात त्याच प्रकारचे विमान निम्मी धावपट्टी संपताना टेकले. 21 जण गेले. दोन्ही चौकश्यांत मूळ कारण तेच निघाले: स्थिर नसलेली उतरण तशीच पुढे रेटली, गो-अराउंड केले नाही. हीच चूक इतरत्र झाली असती तर बहुधा विमान मोडले असते, पण माणसे एवढी गेली नसती.

टोकाबाहेर काय असावे याचा नियम आहे. धावपट्टी संपल्यावर 60 मीटरची पट्टी, तिच्यापुढे किमान 90 मीटर सुरक्षा क्षेत्र, आणि आयकाओची शिफारस 240 मीटरची. मंगळूरला अपघाताच्या वेळी 90 होते. कोळिकोडला वापरायची लांबी कमी करून ते 240 केले होते, तरी विमान तेही ओलांडून गेले. अशा जागी ईमास नावाची गादी हा उत्तम उपाय आहे. सच्छिद्र, चुरडणाऱ्या काँक्रीटचे ठोकळे टोकापुढे अंथरतात. विमानाची चाके त्यात रुततात, ठोकळे चुरडताना वेग शोषून घेतात. नीट बसवलेली गादी सुमारे 70 नॉटने येणाऱ्या जेटला थांबवू शकते. न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर 1996 मध्ये ती बसवली आणि 1999 ते 2005 या काळात तिथे तीन विमाने तिने अडवली, त्यात एक बोईंग 747 होते. मर्यादाही आहेत: गादी एका ठरावीक वजनाच्या विमानासाठी आखलेली असते, हलके विमान तिच्यात नीट रुतत नाही, आणि वापर झाल्यावर चुरडलेले ठोकळे बदलावे लागतात. टेबलटॉप धावपट्टीचा निम्मा खर्च खरे तर तिच्या टोकांवर व्हायला हवा.

मुंबईतल्या विमानतळाचा विचित्रपणा वैमानिकाच्या नव्हे, नियंत्रकाच्या अंगावर पडतो. 09/27 आणि 14/32 अशा दिशेवरून पडलेल्या क्रमांकांच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. कारण जुने आणि रास्त आहे: 95 टक्के वेळा आडवा वारा मर्यादेत राहावा अशी आयकाओची अपेक्षा, आणि एका दिशेच्या धावपट्टीने ती भागत नसेल तर दुसरी आडवी लागते. पण छेदणाऱ्या दोन धावपट्ट्यांवर दोन विमाने एकदम सोडता येत नाहीत, म्हणून मुंबईत काम बहुतेक एकाच धावपट्टीवर चालते. 2018 मध्ये तिथे एका दिवसात हजारावर उड्डाणे हाताळली गेली. आडव्या धावपट्टीचा खरा उपयोग 1 जुलै 2019 च्या रात्री दिसला. पावसात एक बोईंग 737 मुख्य धावपट्टीच्या टोकाबाहेर चिखलात रुतले. पुढचे काही दिवस दुसरी धावपट्टी होती म्हणून विमानतळ चालू राहिला. तेच विमान छेदबिंदूवर अडकले असते, तर दोन्ही बंद.

समांतर धावपट्ट्यांमध्ये किमान 1,035 मीटर अंतर असेल तर दोन्हींवर स्वतंत्रपणे विमाने उतरवता येतात. नवी मुंबईच्या आराखड्यात 3,700 मीटरच्या दोन धावपट्ट्यांमध्ये 1,550 मीटर अंतर आहे, आणि डिसेंबर 2025 मध्ये तिथली वाहतूक एकाच धावपट्टीवर सुरू झाली. गोल धावपट्टी जागा वाचवते, असा तिच्या बाजूचा सर्वांत जोरदार मुद्दा असतो, म्हणून तोही तपासू. आतली त्रिज्या 1,500 मीटर, वर 140 मीटर रुंदी, आणि कडेला आणखी 140 मीटर मोकळी पट्टी धरली तर सुमारे 1,000 हेक्टर लागतात. नवी मुंबईचा सबंध विमानतळ 1,160 हेक्टरांचा आहे. एवढ्या फरकासाठी जगातल्या प्रत्येक विमानाला, वैमानिकाला आणि आयएलएसला बदलावे लागेल. शिवाय नवी मुंबईत पहिली धावपट्टी आधी उघडून दुसरी नंतर बांधता येते. गोलाचा एक चाप आधी बांधला तर हाती येते ती एक वाकडी, कललेली, दोन टोके असलेली धावपट्टी. उलव्याची टेकडी कापून आणि नदीचे पात्र वळवून तयार केलेल्या जमिनीवर सबंध वर्तुळ पुरे होईपर्यंत एकही विमान न उतरवण्याची तयारी कोणत्या गुंतवणूकदाराची असेल?